रिपोर्टमध्ये ‘पिट्युटरी’ आलंय, आता पुढे काय?

मागच्या अंकात डोकेदुखीच्या एमआरआयबद्दल लिहिताना पिट्युटरीवर मी एकच ओळ टाकली होती, की या ग्रंथीत छोटीशी गाठ दिसणं वाटतं तेवढं दुर्मिळ नाही. त्या एका ओळीवर इतकी पत्रं आली की हा सगळा अंक त्यालाच द्यावा असं ठरवलं. मी रेडिओलॉजिस्ट आहे, म्हणजे फिल्म वाचणारी, औषधं लिहून देणारी नाही, त्यामुळे गोळ्यांचं अंतिम तुमच्या एंडोक्रायनॉलॉजिस्टला, म्हणजे हार्मोनच्या डॉक्टरांनाच, विचारा. पण फिल्मवर काय दिसतं आणि रिपोर्टातल्या त्या अवघड शब्दांचा अर्थ काय, हे मात्र मी नीट सांगू शकते.

प्रश्न: माझं वय ३१. सात महिने झाले पाळी धड येत नाही. प्रोलॅक्टिन ७८ आलं म्हणून एमआरआय केला तर ‘४ मिमीचा मायक्रोॲडिनोमा’ असं लिहून आलंय. सासूबाई म्हणतात मेंदूत गाठ आहे, मुंबईला नेऊन ऑपरेशन करून टाकू. मला रात्र रात्र झोप नाही. ॲसिडिटीच्या गोळीशिवाय मला दुसरं कुठलंही औषध चालू नाही. (कोल्हापूर जिल्हा)

ताई, आधी एक सांगते, गाठ मेंदूत नाहीये. पिट्युटरी म्हणजे पियूषिका ग्रंथी मेंदूच्या खाली एका देठाला लटकलेली असते, नाकाच्या मुळापासून सरळ मागे गेलं की कवटीच्या तळाच्या हाडात एक छोटा खळगा आहे, त्यात ती बसलेली असते. त्या खळग्याला सेला म्हणतात, घोड्याच्या खोगिरासारखा आकार आहे म्हणून जुन्या शरीरशास्त्रज्ञांनी त्याला तुर्की खोगीर असं नाव दिलं. ग्रंथी वाटाण्याएवढी, वजन जेमतेम अर्धा ग्रॅम. आणि तुमची गाठ ४ मिमी, म्हणजे मोहरीच्या दाण्यापेक्षा थोडी मोठी. ॲडिनोमा म्हणजे ग्रंथीची साधी, कॅन्सर नसलेली गाठ, ती १० मिमीच्या आत असली की मायक्रो, १० किंवा त्याच्या वर गेली की मॅक्रो, एवढाच त्या शब्दांचा अर्थ आहे.

आता मुख्य मुद्दा तुम्ही पत्राच्या शेवटच्या ओळीत लिहिलाय, ती ॲसिडिटीची गोळी. तिच्या पाकिटावर बघा डॉमपेरिडोन किंवा लेव्होसल्पिराइड असं काही लिहिलंय का, कारण आपल्याकडे ॲसिडिटीच्या बऱ्याच कॅप्सूलमध्ये हे जोडून येतं आणि लोक वर्षानुवर्षं सकाळी उपाशीपोटी घेत राहतात. ही औषधं प्रोलॅक्टिन, म्हणजे दूध आणणारं हार्मोन, वाढवतात, चांगलं शंभरच्या आसपास नेऊ शकतात, पाळी चुकते, कधी छातीतून दूध येतं, आणि गाठीचा त्याच्याशी काही संबंध नसतो! डॉक्टरांना विचारून ती गोळी तीन-चार दिवस बंद करा आणि प्रोलॅक्टिन परत करा. त्याच वेळी थायरॉइडसाठी टीएसएच करा, आणि प्रेग्नन्सी टेस्टही, लग्न झालेल्या बाईत हे आधी बघायचं असतं आणि नेमकं तेच राहून जातं. (मानसिक आजाराच्या काही गोळ्यांनीही प्रोलॅक्टिन वाढतं, पण त्या कुणी स्वतःच्या मनाने अजिबात बंद करायच्या नाहीत.)

मग तुम्ही म्हणाल, एमआरआयमध्ये दिसलेली ती ४ मिमीची गाठ कुठून आली? कसलाही त्रास नसलेल्या लोकांचे एमआरआय काढले तरी साधारण दहातल्या एकाच्या पिट्युटरीत असा काहीतरी ठिपका सापडतो. मृत्यूनंतर ज्यांच्या ग्रंथी तपासल्या गेल्या त्यांच्यातही प्रमाण असंच आढळलंय, आणि ती माणसं आयुष्यभर त्या ठिपक्यासकट सुखाने जगून गेली. त्यामुळे ठिपका आणि वाढलेलं प्रोलॅक्टिन एकाच रिपोर्टात आले म्हणून एकामुळेच दुसरं झालं असं लगेच धरून चालत नाही. गोळी बंद करूनही प्रोलॅक्टिन वरच राहिलं तर तो प्रोलॅक्टिनोमा, म्हणजे प्रोलॅक्टिन बनवणारी गाठ, असेल, आणि त्यालाही सहसा ऑपरेशन लागत नाही, कॅबरगोलिन नावाची गोळी आठवड्यातून एकदा-दोनदा घ्यायची, पाळी येते, गाठही आक्रसते. सासूबाईंना हे वाचून दाखवा. त्या काळजीनेच बोलतायत, मला त्यांचा राग येत नाहीये.

प्रश्न: माझे वडील ५८ वर्षांचे, एसटीत ड्रायव्हर होते. दोन वर्षांपासून त्यांना दाराची चौकट लागते, बाजूने कुणी आलं तर कळत नाही. मोतीबिंदू म्हणून एका डोळ्याचं ऑपरेशन झालं, फरक नाही. मग दुसऱ्या डॉक्टरांनी एमआरआय करायला लावला. त्यात ३२ मिमीचा मॅक्रोॲडिनोमा, ‘सुप्रासेलर एक्स्टेन्शन, कायझमवर दाब, डावीकडे नॉस्प ग्रेड ३’ असं लिहिलंय. कुणी नीट समजावून सांगत नाही. (लातूर)

दादा, तुमच्या पत्रातल्या ‘दाराची चौकट लागते’ या एका वाक्यात सगळं निदान आहे. हे वाक्य कुणी आधीच नीट ऐकलं असतं तर दोन वर्षं वाया गेली नसती, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

पिट्युटरीची गोष्ट अशी आहे की ती स्वतः लहान, पण शेजार फार मोलाचा. चाळीतली मधली खोली असते ना, चारी बाजूंना भिंतीला भिंत लागून बिऱ्हाडं, तसंच. खोलीतला माणूस वाढला की आधी कुणाची भिंत दाबली जाते ते बघायचं. आम्ही फिल्म वाचताना गाठीच्या आकारापेक्षा जास्त वेळ याच गोष्टीवर घालवतो.

वरच्या मजल्यावर ऑप्टिक कायझम, म्हणजे दोन्ही डोळ्यांच्या नसा जिथे एकमेकींना ओलांडतात तो चौक. ग्रंथी आणि हा चौक यांच्यात एक पातळ पडदा आणि थोडं पाणी असतं, साधारण एक सेंटिमीटरची जागा. गाठ त्या पडद्याच्या भोकातून वर घुसली की मध्ये कंबर आवळल्यासारखी दिसते, खाली गोल, वर गोल, इंग्रजी आठच्या आकड्यासारखी. तुमच्या वडिलांच्या रिपोर्टात ‘सुप्रासेलर एक्स्टेन्शन’ लिहिलंय ते हेच, सेलाच्या वर आलेला भाग. त्या चौकात ज्या तारा ओलांडतात त्या दोन्ही डोळ्यांच्या आतल्या पडद्याच्या (रेटिनाच्या) नाकाकडच्या भागातून आलेल्या, आणि तो नाकाकडचा भाग बघतो बाहेरची बाजू. म्हणून मधोमध दाब पडला की डाव्या डोळ्याची डावी बाजू आणि उजव्या डोळ्याची उजवी बाजू जाते. समोरचं अक्षर वाचता येतं, चष्म्याचा नंबरही ठीक निघतो, पण दोन्ही कडेचं दिसत नाही. गाठ खालून वर येते म्हणून बहुतेक वेळा बाहेरची वरची बाजू आधी जाते आणि मग खालची. ज्या माणसाने अख्खी हयात आरशात दोन्ही बाजूंची गाडी बघून एसटी हाकली त्याला हे किती लागलं असेल!

घरी एक साधी गोष्ट करून बघता येते. वडिलांसमोर हातभर अंतरावर बसा, त्यांचा एक डोळा हाताने झाका, त्यांना तुमच्या नाकाकडे बघायला सांगा आणि तुमचं बोट कानाच्या बाजूने हळूहळू आत आणा, कुठे दिसायला लागतं ते विचारा. मग दुसरा डोळा. अर्थात याने भागत नाही, डोळ्याच्या डॉक्टरांकडून व्हिज्युअल फील्ड (कडेची नजर मोजणं) आणि ओसीटी (डोळ्याच्या मागच्या पडद्याचा स्कॅन) दोन्ही करून घ्याच, कारण ओसीटीत नसांचा थर अजून जाड असेल तर दाब निघाल्यावर नजर परत येण्याची आशा बरीच चांगली असते, आणि कधीकधी ऑपरेशननंतर दोन-चार दिवसांतच पेशंट सांगतो की खिडकीची बाजू दिसायला लागली.

दोन्ही बाजूंचे शेजारी म्हणजे कॅव्हर्नस सायनस. या सायनसचा सर्दीवाल्या सायनसशी काही संबंध नाही, हे अशुद्ध रक्ताचे कप्पे आहेत, आणि त्यातून मेंदूला जाणारी कॅरोटिड ही मोठी शुद्ध रक्ताची वाहिनी वळण घेत जाते. तिच्याशेजारून डोळा हलवणाऱ्या तिन्ही नसा आणि चेहऱ्याच्या संवेदनेच्या नसेच्या दोन फांद्याही जातात. गाठ या कप्प्यात किती घुसलीय ते मोजायची पद्धत व्हिएन्नाच्या नॉस्प आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये दिली. समोरून घेतलेल्या कापावर कॅरोटिड एकाच बाजूला वर-खाली दोनदा गोल कापलेली दिसते, त्या दोन गोलांना आतून, मधून आणि बाहेरून जोडणाऱ्या तीन रेषा ओढायच्या. गाठ आतल्या रेषेच्याही अलीकडे असेल तर ग्रेड ०, बाहेरच्या रेषेच्या पलीकडे गेली तर ३, कॅरोटिडला पूर्ण वेढा घातला तर ४. तुमच्या वडिलांची डावीकडे ३, म्हणजे त्या बाजूने गाठ सायनसमध्ये शिरलेली असण्याची शक्यता बरीच आहे आणि तिथला तुकडा सर्जन मुद्दाम मागे ठेवू शकतो. ‘गाठ पूर्ण निघाली नाही’ असं ऐकल्यावर घरचे खचतात, म्हणून आधीच सांगतेय, तो तुकडा कॅरोटिडला चिकटलेला असतो, तो ओढणं जिवावर बेतू शकतं. मागे राहिलेल्यावर लक्ष ठेवता येतं, लागलं तर रेडिएशन देता येतं.

खाली आहे स्फिनॉइड सायनस, हा मात्र खरोखर नाकाचा, हवेने भरलेला. त्याच्यामुळेच ऑपरेशन नाकातून करता येतं, कवटी उघडावी लागत नाही. नाकातून जायची ही वाट १९०७ मध्ये इन्सब्रुकच्या श्लोफर यांनी पहिल्यांदा वापरली, आता एंडोस्कोपने होतं. त्याआधी नाकाचा सीटी स्कॅन करायला सांगतील, ‘एमआरआय झालाय मग परत कशाला खर्च’ असं म्हणू नका. स्फिनॉइडच्या आत हाडाचे पातळ पडदे असतात, त्यातला एखादा वाकडा जाऊन थेट कॅरोटिडवरच्या हाडाला चिकटलेला असतो, सर्जनने तो पिळून तोडला तर कॅरोटिडच फाटू शकते. हाड सीटीत स्वच्छ दिसतं, एमआरआयमध्ये नाही.

आणि ऑपरेशनची तारीख घ्यायच्या आधी रक्ताचा एक रिपोर्ट बघा, प्रोलॅक्टिन केलंय का? एवढ्या मोठ्या गाठीतही ती प्रोलॅक्टिनोमा निघाली तर नुसत्या गोळीने वितळल्यासारखी लहान होते आणि नजरही सुधारते. आकडा शंभर-दीडशेच्या आत असेल तर तो बहुधा देठावरच्या दाबामुळे वाढलेला असतो, पण गाठ मोठी आणि आकडा अगदीच किरकोळ असं दिसलं तर लॅबला नमुना पातळ करून परत करायला सांगा, कारण प्रोलॅक्टिन प्रचंड असलं की मशीन फसतं आणि खोटा कमी आकडा दाखवतं. कॉर्टिसॉल, म्हणजे शरीराचं स्वतःचं स्टेरॉइड, आणि थायरॉइडही बघायचे. दोन्ही कमी असतील तर आधी स्टेरॉइड सुरू करायचं, मग थायरॉइडची गोळी, हा क्रम उलटा झाला तर माणूस अत्यवस्थ होऊ शकतो.

प्रश्न: बायोप्सीत ‘पिटनेट’ असं आलंय, नेटवर बघितलं तर न्यूरोएंडोक्राइन ट्यूमर म्हणजे कॅन्सर असं दिसतं. खरं का? (नाशिक)

नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ च्या वर्गीकरणात पिट्युटरी ॲडिनोमाला हे नवं नाव दिलं, गाठ तीच आहे. शरीरात लांब पसरणाऱ्या पिट्युटरीच्या गाठी अत्यंत विरळा. तुमची परत वाढते का एवढं बघायचं, त्यासाठी ऑपरेशननंतर साधारण तीन महिन्यांनी एमआरआय करतात. त्याच्या आत केला तर रक्त, सूज आणि भोक बुजवायला भरलेली मांडीची चरबी यांचीच खिचडी दिसते, चरबी फिल्मवर पांढरीशुभ्र दिसते आणि नवख्याला ती उरलेली गाठ वाटू शकते.

प्रश्न: मुलगी १४ वर्षांची, वर्गात सगळ्यात बुटकी, सारखी सुस्त, बद्धकोष्ठ, अंग कोरडं. डोकं दुखतं म्हणून एमआरआय केला, पिट्युटरी १३ मिमी उंच, फुगलेली, ‘मॅक्रोॲडिनोमा’ लिहिलंय. ऑपरेशनचा सल्ला मिळालाय. रक्तात टीएसएच १५० च्या वर आहे पण ते नंतर बघू म्हणाले. (परभणी)

आई, कृपा करून ऑपरेशनची घाई करू नका! टीएसएच नंतर बघायची गोष्ट नाहीये, तेच आधी बघायचं.

थायरॉइड ग्रंथी काम करेनाशी झाली की पिट्युटरी तिला हाका मारत राहते, टीएसएच म्हणजे ती हाक. महिनोन्‌महिने हाका मारून मारून टीएसएच बनवणाऱ्या पेशींची संख्याच वाढते आणि अख्खी ग्रंथी फुगते, वर घुमटासारखी येते, कधी कायझमलाही टेकते. याला हायपरप्लेझिया म्हणतात, ही गाठ नाही. थायरॉक्सिन सुरू केलं की काही आठवड्यांत ते काही महिन्यांत ती आपोआप मूळ मापावर येते. प्रोलॅक्टिनही यात वाढतं, त्यामुळे गोंधळ अजून वाढतो.

फिल्मवर फरक कसा करायचा ते सांगते, तुमच्या डॉक्टरांशी बोलताना उपयोग होईल. गाठ असली की बहुतेक वेळा एका बाजूला ग्रंथीचा निरोगी भाग दाबून बसलेला वेगळा दिसतो, देठ तिरका होतो, काँट्रास्टचं (फिल्म उजळवणारं) इंजेक्शन दिल्यावर गाठ मागे पडते आणि ग्रंथी आधी उजळते. हायपरप्लेझियात सगळं सारखं, दोन्ही बाजू एकसारख्या, देठ मधोमध, आणि काँट्रास्ट एकसंध. मी नोकरीला लागले त्या पहिल्या वर्षी अशीच एका मुलीची फिल्म माझ्यापुढे आली होती, मी मॅक्रोॲडिनोमा लिहून रिपोर्ट पाठवणारच होते, तेवढ्यात आमच्या सरांनी मागून येऊन एवढंच विचारलं, ‘टीएसएच किती आहे?’ मला माहीतच नव्हतं, विचारलंच नव्हतं. फोन केला तर शंभरच्या वर. चार महिन्यांनी त्याच मुलीची फिल्म परत आली, ग्रंथी ६ मिमी, आणि मी किती तरी वेळ त्या दोन फिल्म शेजारी लावून बघत बसले होते. तेव्हापासून रक्ताचे रिपोर्ट बघितल्याशिवाय पिट्युटरीवर मी एक ओळही लिहीत नाही.

तसंही या ग्रंथीची उंची वयाप्रमाणे बदलते. आम्ही सहा-आठ-दहा-बारा असं पाठ करतो, लहान मुलांत ६ मिमी, पुरुषांत आणि पाळी गेलेल्या बायकांत ८, पाळी चालू असलेल्या वयात १०, आणि गरोदरपणाच्या शेवटी किंवा बाळंतपणानंतर १२ पर्यंत चालतं. वयात येणाऱ्या मुलींत ती थोडी फुगीर असणं अगदी नॉर्मल आहे. तुमच्या मुलीची १३ आहे म्हणजे नॉर्मल नक्कीच नाही, पण आधी थायरॉइडचा इलाज, मग परत एमआरआय. नजरेची तपासणी मात्र लगेच करून घ्या, आणि बालरोग एंडोक्रायनॉलॉजिस्ट गाठा. परभणीला नसतील तर संभाजीनगर, पुणे किंवा मुंबईला दाखवा.

प्रश्न: भावाची अंगठी बसेना, चपलेचा नंबर ८ वरून १० वर गेला, जबडा पुढे आला. डॉक्टरांनी डोक्याचा साधा एक्स-रे बघून पिट्युटरीचं म्हणाले. एक्स-रेत कळतं? (जळगाव)

कधीकधी कळतं, आणि तुमचे डॉक्टर खरंच जाणकार आहेत. गाठ वर्षानुवर्षं हळूहळू वाढते त्यामुळे सेलाचं हाड आतून झिजून खळगा मोठा होतो, आणि बाजूने काढलेल्या एक्स-रेत तो फुग्यासारखा दिसतो. सीटी, एमआरआय नव्हते तेव्हा सगळी भिस्त यावरच होती. हाड किती लक्षात ठेवतं बघा, चार्ल्स बर्न नावाचा एक अतिशय उंच आयरिश माणूस १७८३ मध्ये वारला, त्याचा सांगाडा लंडनमध्ये होता, १९०९ मध्ये अमेरिकन मेंदूसर्जन हार्वे कुशिंग यांनी त्याची कवटी उघडून बघितली तेव्हा पिट्युटरीचा खळगा मोठा झालेला सापडला. सव्वाशे वर्षांनी निदान!

भावाची आयजीएफ-१ ही वाढीच्या हार्मोनसाठीची रक्ततपासणी करा आणि काँट्रास्ट देऊन पिट्युटरीचा एमआरआय. घोरणं, साखर आणि बीपी पण तपासा, ॲक्रोमेगली म्हणजे वाढीचं हार्मोन जास्त होण्याच्या या आजारात हे तिन्ही गुपचूप मागे लागतात. जुना फोटो आणि आत्ताचा फोटो दोन्ही डॉक्टरांना दाखवा, घरात रोज बघणाऱ्याला चेहऱ्यातला बदल कळत नाही.

प्रश्न: काँट्रास्टचं इंजेक्शन किडनी खराब करतं आणि मेंदूत साठतं असं ऐकलं. शिवाय मला बंद जागेची भीती वाटते, आणि बाळ सहा महिन्यांचं आहे, अंगावर पितं. काँट्रास्टशिवाय चालेल का? (म्हापसा, गोवा)

पहिल्या तपासणीत शक्यतो काँट्रास्ट घ्याच. पिट्युटरीला मेंदूसारखी रक्ताची गाळणी नसते म्हणून ती काँट्रास्ट झटकन पिते, छोटी गाठ मात्र सावकाश, त्यामुळे इंजेक्शननंतर पहिल्या एक-दोन मिनिटांत भरभर काप घेतले तर उजळ ग्रंथीत काळा ठिपका उठून दिसतो, थोडा उशीर झाला की दोन्ही सारखे होतात आणि ठिपका हरवतो. यालाच डायनॅमिक स्टडी म्हणतात. म्हणून चिठ्ठीवर नुसतं ‘एमआरआय ब्रेन’ नसावं, ‘एमआरआय पिट्युटरी, डायनॅमिक काँट्रास्ट’ असं असावं, ब्रेनचे काप पाच-पाच मिमी जाडीचे असतात, त्यात ४ मिमीची गाठ सहज निसटते.

साठण्याबद्दल तुम्ही ऐकलंय ते अफवा नाही, वारंवार गॅडोलिनियम, म्हणजे याच काँट्रास्टमधला धातू, दिलेल्यांच्या मेंदूत त्याचा अंश दिसतो असं २०१४ पासून समोर आलं. त्यातून अमुक त्रास होतो असं सिद्ध झालेलं नाही, तरी २०१७ मध्ये युरोपच्या औषध नियामक संस्थेने साखळीसारख्या रचनेच्या काही इंजेक्शनचा वापर थांबवायला सांगितला. पिंजऱ्यासारख्या रचनेची, मॅक्रोसायक्लिक प्रकारची असतात त्यात अंश खूपच कमी राहतो, सेंटरवर तेच मागा. किडनी अगदीच कमजोर असेल तर आधी सांगायचं, म्हणून क्रिएटिनिन करून घेतात. दुधात उतरणारं प्रमाण नगण्य आहे, पाजणं थांबवायची गरज नाही. गरोदर असाल तर मात्र टाळतात.

भीतीचं म्हणाल तर आधी सांगा, लपवू नका. वीस-तीस मिनिटं लागतात, ठकठक आवाज मोठा असतो, कानात बोळे देतात, हातात एक रबरी फुगा देतात, तो दाबला की लगेच बाहेर काढतात. डोळे आत जायच्या आधीच मिटा, आत गेल्यावर मिटून उपयोग नसतो. मंगळसूत्र, जोडवी, बांगड्या, केसातली पिन, साडीची सेफ्टी पिन घरीच काढून ठेवा, बायका मंगळसूत्र काढायला फार बिचकतात ते मला समजतं, पण ते त्या खोलीत नेता येत नाही.

प्रश्न: रिपोर्टात ‘एम्प्टी सेला’ आलंय, म्हणजे ग्रंथीच नाही का? (दोन बहिणी, धुळे आणि सुरत)

धुळ्याच्या ताईंना फक्त डोकेदुखी आहे, वजन ९२ किलो. खळग्यात मेंदूचं पाणी उतरलंय आणि ग्रंथी तळाशी चपटी झालीय, एवढंच. हार्मोन एकदा तपासा, आणि डोळ्याच्या मागचा पडदा तपासून घ्या, मेंदूतल्या पाण्याचा दाब वाढलाय का ते कळेल.

सुरतच्या ताईंचं पत्र मी दोनदा वाचलं. नऊ वर्षांपूर्वी घरीच बाळंतपण, खूप रक्त गेलं, दूध कधी आलंच नाही, पाळी परत आली नाही, आणि तेव्हापासून अंगात त्राण नाही. ताई, याला शीहान सिंड्रोम म्हणतात. गरोदरपणात ग्रंथी मोठी होते, पण रक्तपुरवठा काठावरचाच असतो, त्यात एकदम रक्तस्राव झाला की ती मरते, मग वर्षांनी एमआरआयमध्ये रिकामा खळगा दिसतो. नऊ वर्षं तुम्हाला कुणी आळशी म्हटलं असेल तर ते चूक होतं. या आठवड्यात सकाळी आठला कॉर्टिसॉल आणि टी-४ (थायरॉइडचं हार्मोन) करा, नुसतं टीएसएच नको, कारण या आजारात टीएसएच नॉर्मल दिसू शकतं. गोळ्यांनी तुम्हाला खूप फरक पडेल.

प्रश्न: बायकोला कुशिंग्जचा आजार आहे असं सगळ्या टेस्ट सांगतात, पण एमआरआय नॉर्मल! मशीन खराब की टेस्ट? (मस्कत)

दोन्ही नाही. या आजारात पिट्युटरीतली गाठ एसीटीएच हे हार्मोन जास्त बनवते आणि त्याने अंगात कॉर्टिसॉल वाढतं, या गाठी दोन-तीन मिमीच्याही असतात आणि चांगल्या मशीनवरही बऱ्याच जणींत दिसत नाहीत. अशा वेळी मांडीच्या शिरेतून नळी घालून पिट्युटरीचं रक्त ज्या शिरांतून खाली येतं त्या दोन्ही बाजूंच्या पेट्रोझल सायनसमधून नमुने घेतात आणि हाताच्या रक्तातल्या एसीटीएचशी तुलना करतात, तिथे दुपटीहून जास्त निघालं तर उगम पिट्युटरीतच. हे काम सवयीच्या हातांचं आहे, जिथे नियमित होतं तिथेच करा. मुंबई-पुण्याला येणार असाल तर फिल्मच्या झेरॉक्स नकोत, सीडी आणा.

प्रश्न: मी ६१ वर्षांचा. १४ मिमीची गाठ, हार्मोन नॉर्मल, नजर नॉर्मल, सहा महिन्यांनी परत एमआरआय आहे. गेली अठरा वर्षं आळंदी ते पंढरपूर पायी जातो. यंदा घरचे नको म्हणतात. जाऊ का? (सातारा)

काका, रिपोर्ट मी नीट वाचला, गाठ आणि कायझम यांच्यात अजून ३ मिमी पाणी दिसतंय, कॅव्हर्नस सायनस मोकळे आहेत. तुमच्या डॉक्टरांनी होकार दिला तर चालण्याने गाठ वाढत नाही. घरच्यांची भीती एका गोष्टीपुरती रास्त आहे, अशा गाठीत क्वचित अचानक रक्तस्राव होतो, त्याला अपोप्लेक्सी म्हणतात. आयुष्यात कधी झाली नाही एवढी डोकेदुखी एकदम सुरू होते, उलट्या, पापणी पडते, एकाचं दोन दिसतं किंवा नजर धूसर होते, माणूस गळून जातो. असं झालं तर पित्त समजून लिंबूपाणी घेत झोपायचं नाही, सरळ ॲम्ब्युलन्स, आणि तिथल्या डॉक्टरांना पिट्युटरीची गाठ आहे हे पहिल्या वाक्यात सांगायचं, कारण स्टेरॉइडचं इंजेक्शन लगेच द्यावं लागतं आणि त्यांना माहीतच नसेल तर ते मेंदूज्वर किंवा उन्हाचा त्रास समजून बसतील. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर निघायच्या आधी हार्टच्या डॉक्टरांना गाठीबद्दल सांगा.

रिपोर्टचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा, एक झेरॉक्स प्लॅस्टिकमध्ये घालून पिशवीत, पावसाने भिजायला नको. आणि दिंडीत तुमच्या पुढे-मागे चालणाऱ्या दोघांना आळंदीलाच सगळं सांगून ठेवा.